दुसरी साक्ष

मंगळवार दुपार, दुकानातून

धाकटे,

हे मीच लिहितेय. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. ओळी खाली घसरल्यात, कारण कागदाखाली एका जाड्या गिऱ्हाइकाच्या कोटाची पाठ आहे आणि तिच्यात अस्तराखाली कापूस आहे. मास्तर जेवायला गेलेत. ते येईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

"कशी आहेस, मी बरी आहे" हे लिहिलं असं समज. तू बरी आहेस ते तुझ्या भावाकडून कळतं. तो ह्यांना फोन करतो, हे मला सांगतात, आणि मी बॉबिन भरत असल्याचं सोंग करते. शाळेत लागलीस म्हणे. चांगलं झालं. माझ्यासारख्या दगडाला लिहायला शिकवलंस, तिथं ती पोरं काय अवघड.

आता कामाचं. सासूबाईंचा उजवा डोळा गेला. तो काही परत येत नाही. डाव्यात मोतीबिंदू आहे, तोही वाढत चाललाय. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, लगेच कापून घ्या, नाहीतर हाही उजव्याच्या मागं जाईल. मी म्हटलं, उद्या येऊ का? सासूबाई म्हणाल्या, "नवा महिना लागल्याशिवाय मी नवं काम हातात घेत नाही." डॉक्टर म्हणाला, "आजी, महिना लागून आठवडा झाला." त्या म्हणाल्या, "तुमचा लागला असेल. माझा लागलेला नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तुला कळलंच असेल कशाबद्दल बोलतात त्या. तरी लिहिते, कारण लिहिताना माझं मलाच नीट समजतं. रोश होदेश. आपल्या ज्यू बायकांचा नव्या महिन्याचा सण, आपल्या बाहेरच्या खोलीतला. दर नव्या चंद्राला बायका जमायच्या, पाण्यानं भरलेल्या काचेच्या वाडग्यात सासूबाई दिवा तरंगत सोडायच्या, मग प्रत्येकीनं सांगायचं की सरल्या महिन्यानं आपल्याला काय दिलं. मग गाणी. आणि दुसऱ्या दिवशी बाईनं सुईला, धुण्याला हात लावायचा नाही. पूर्वी आपले लोक वाळवंटात होते, तिथं पुजायला सोन्याचं वासरू करायला बाप्यांनी दागिने मागितले तेव्हा बायकांनी दिले नाहीत, म्हणून ही सुट्टी बायकांची. मला त्या सगळ्यातलं हे सुट्टीचं तेवढं पहिल्यापासून पटलेलं आहे.

पण दिवा लागायच्या आधी साक्ष. घरातल्या दोघींनी सूर्य मावळल्यावर गच्चीवर जायचं, चंद्र बघायचा, खाली येऊन एकेकीनं वेगवेगळं सांगायचं. एक आत, एक स्वयंपाकघरात दार लावून. "कुठं दिसला? किती उंच? शिंगं कुणीकडे?" दोघींचं जुळलं तर दिवा. सिनेगॉगचे काका किती वेळा सांगून थकले, की अहो, आता सगळ्या तारखा छापून येतात, साक्षीदार कशाला? सासूबाई म्हणायच्या, "छापणाऱ्यानं वर बघितलं होतं का?"

तू आणि मी, दोघी सुना, साक्षीदार होतो. तू गेल्यावर तुझ्या जागी त्या स्वतः जिना चढायला लागल्या. मग डोळा गेला. त्या संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहिल्या, उभ्या राहिल्या, मान दुखेपर्यंत. खाली येऊन म्हणाल्या, "आंधळीची साक्ष चालत नाही. मी साक्षीदार नाही. दुसरी साक्षीदार आहे, तिला विचारा."

दुसरी म्हणजे तू.

तेव्हापासून दिवा लागलेला नाही. तीन-चार महिने झाले. बायका येतात, ट्यूबलाइटखाली वाडग्याभोवती बसतात, पाण्याकडे बघतात आणि घरी जातात. दवाखान्यातल्या नर्सबाई आता आपल्यात येतात, त्या म्हणाल्या, "मावशी, मी बघून येते ना वर, माझे डोळे चांगले आहेत." सासूबाई म्हणाल्या, "तुमचे डोळे तुमच्या घरचे." 

मास्तर आले. जिना चढताना खोकतात ते एक बरं आहे.

तुझी,
मोठी


सोमवार, घरी, कुकर होईपर्यंत

धाकटे,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं धरूनही बसलेले नाही. पण झालेलं सांगायलाच हवं, कारण तुझ्या नावावर झालंय.

काल चंद्र होता. मी बघून आले, स्वच्छ होता, पाण्याच्या टाकीच्या वर हातभर. माझी साक्ष झाली. बायका बसलेल्या. पाववालीनं आणलेला पाव गार होत चाललेला. तुला आठवते ना पाववाली, कोपऱ्यावरच्या भट्टीची, दर महिन्याला एकच सांगते, "भट्टी विझली नाही, त्याबद्दल." तिनं माझ्या कानात म्हटलं, "अगं, फोनवरून साक्ष चालत असेल ना?" मी म्हटलं, चालत असेल, पण फोन करणारी कुठे आहे?

नर्सबाईंनी तेवढंच ऐकलं. त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, बाथरूमला.

थोड्या वेळानं घरातला फोन वाजला. मी उचलून सासूबाईंच्या हातात दिला आणि कान जवळ नेला. आवाज बारीक, नाकातून, पदर तोंडावर धरल्यासारखा. "आई, मी बोलतेय. धाकटी."

  खरं सांगते, मला एक क्षणभर वाटलं, तूच आहेस.

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "दिसला का?"

"दिसला, दिसला. केवढा छान दिसला!"

"शिंगं कुणीकडे होती?"

पलीकडे जिन्यात कुणीतरी शिंकलं, आणि तीच शिंक फोनमधूनही आली. मग आवाज आला, "सूर्याकडे. मावळतीकडे तोंड करून होता."

सासूबाईंनी फोन खाली ठेवला. म्हणाल्या, "सूर्याला शिंगं दाखवणारा चंद्र अजून जन्मायचाय. नर्सबाई, आत या. जिन्यात गार लागेल."

नर्सबाई आत आल्या त्या भिजलेल्या मांजरासारख्या. एवढी बाई, रोज पन्नास माणसांच्या दंडात सुया टोचते, आणि कोवळा चंद्र सूर्याला पाठ करून उभा असतो एवढं तिनं कधी बघितलं नव्हतं. बायका आधी पदरात हसल्या, मग उघड हसल्या. शेवटी सासूबाईही हसल्या. मला वाटलं, आता हसल्यात तर म्हणतील, लावा गं दिवा. नाही म्हणाल्या. "खोट्या साक्षीवर लावलेला दिवा आणि ट्यूबलाइट, दोन्ही सारखंच."

आणि जाताना नर्सबाईंना काय म्हणाल्या माहीत आहे? "शिवाय ती मला नुसतं आई म्हणत नाही. 'अहो आई' म्हणते." हे सांगताना त्यांचा आवाज कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तू असं काही लिहायला शिकवलं नाहीस.

कुकरची शिट्टी झाली.

मोठी


शनिवारनंतरचा दिवस, सकाळ

धाकटे,

आज रागानं लिहितेय. तुझ्यावर नाही. त्यांच्यावर.

आज उठल्याउठल्या मी त्यांना धरून बसले. म्हटलं, आई, डोळा जाईल. म्हणाल्या, जाईल. मी म्हटलं, मग मी तुम्हाला भिंत धरून संडासात नेणार आणि तुम्ही मला शिव्या घालणार. म्हणाल्या, आत्ता काय वेगळं आहे? मी म्हटलं, तिच्यासाठी अडून बसलाय, सरळ सांगा ना. तिला कळवते, सासूबाई म्हणतात ये. तर म्हणतात, "मी 'ये' म्हणणार नाही. माझ्या म्हणण्यावरून यायचं म्हणजे माझ्यासाठी यायचं. साक्षीदार चंद्रासाठी येतो."

डोकं फिरलं माझं. उठून मशीनवर बसले आणि ह्यांच्या विजारीची तळाची शिवण दोनदा उसवून दोनदा घातली. हे म्हणाले, विजार चांगली होती की. मी म्हटलं, गप्प बसा.

मग मी ते विचारलं, जे इतके दिवस आपल्या घरात कुणीच विचारलेलं नाही. आता लिहायला घेतलंय तर पुरतं लिहिते, तुझा राग झाला तरी.

मी विचारलं, "भावजींना जाऊन महिना झाला नव्हता. त्या रोश होदेशला तुम्ही गायलात कशा?"

तुला ती संध्याकाळ माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. तू कोपऱ्यात बसली होतीस, भावजींचा मफलर मांडीवर घेऊन. कामावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी चादरीत परत आला, त्याला किती दिवस झाले होते? दिवा लागला. सांगायची पाळी सासूबाईंची आली. आम्हाला वाटलं, त्या आज काही बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मला मुलगा होता, त्याबद्दल." आणि गायला लागल्या. तू उठलीस, म्हणालीस, "तुमचा मुलगा गेला आणि तुम्ही गाता?" सकाळी बॅग भरून गेलीस. तो दिवस शिवायचा नव्हता. तुझ्या निळ्या कोटाची बाही मी आदल्या दिवशी टाचण्या लावून ठेवली होती, ती तशीच राहिली. थंडीत विनाकोटाची गेलीस.

तर सासूबाईंनी उत्तर दिलं. वाडगं पुसता पुसता दिलं. म्हणाल्या, "रडायला मला बाकीचे सगळे दिवस होते. आणि मी ते सगळे रडले, तुमच्यासमोर नाही, मोरीत, नळ सोडून. हा एक दिवस रडायचा नसतो. तो चुकवला असता ना, तर पुढच्या महिन्याला माझ्याकडून दिवा लागला नसता. मग त्याच्या पुढच्याही नाही. मी गायले नाही गं. मी दार धरून ठेवलं."

मी म्हटलं, "मग तिला हे सांगितलं का नाहीत?"

म्हणाल्या, "तिनं विचारलं ते विचारण्यासारखंच होतं. तिच्या जागी मीही उठले असते. तिला खोटी कशाला पाडू?"

आता सांग. मी कुणावर रागवायचं?

मी पाणी प्यायले आणि हे लिहायला बसले. नळ सोडून रडायच्या, आणि मी बाहेरून ओरडायचे, आई, पाणी वाया जातंय.

मोठी


बुधवार, दुकानातून, मास्तर समोर बसलेत

धाकटे,

आज लपून नाही लिहीत. मास्तरांनी पकडलं. म्हणाले, "काय खरडताय?" मी म्हटलं, जावेला पत्र. ते म्हणाले, "तुम्हाला लिहिता येतं?" एवढी वर्षं माझ्या शेजारी बसून काजं करतात, आणि त्यांना हे आज कळलं. मी म्हटलं, येतं. तुमच्यापेक्षा सरळ. मग म्हणाले, लिहा, पण ती जांभळी पॅंट संध्याकाळी जायचीय.

तर पॅंट बाजूला ठेवून लिहिते.

तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. माझ्याच्यानं गोड बोलणं होत नाही, हे तुला माहीत आहे. तू या घरात आलीस तेव्हा मला वाटलं, ही शिकलेली, माझ्यावर हुकूम चालवणार. पहिल्या रोश होदेशच्या दुसऱ्या दिवशी मी बसले होते हात मांडीवर ठेवून. सुई धरायची नाही, कपडे भिजवायचे नाहीत, माझ्या हातांना काय करावं कळेना. तू म्हणालीस, "वहिनी, रिकामे हात बघवत नाहीत तुमचे," आणि बोटात पेन्सिल दिलीस. मी ती सुईसारखी धरली. तू हसलीस, पण असं हसलीस की मला सोडून द्यावीशी वाटली नाही.

मग दर महिन्याचा तो एक दिवस. पातेलं गॅसवर, आपण दोघी जमिनीवर, तू माझ्या मुठीवर मूठ ठेवून अक्षर फिरवायचीस. मी जोडाक्षराला शिव्या घालायचे. तू म्हणायचीस, "दोन कापडं जोडताना तुम्ही शिव्या घालता का?" मी म्हणायचे, घालते. बाकीच्या बायकांना तो दिवस विश्रांतीचा. मला तू त्या दिवशी गाढवासारखं राबवलंस, आणि मला त्या दिवसाइतकी दुसऱ्या कुठल्या दिवसाची वाट बघायची सवय नव्हती.

आता मी औषधाच्या बाटलीवरचं वाचते. डॉक्टरनं लिहून दिलेल्या कागदावर "तातडीनं" असं लिहिलंय, ते मी वाचलं, ह्यांना वाचावं लागलं नाही. तू नसतीस तर मी तो कागद डब्याखाली घातला असता.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. तू ये असं मी म्हणत नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही, त्यांचं त्या बघतील. येत्या सोमवारी संध्याकाळी पुन्हा चंद्राची वेळ आहे. सूर्य मावळला की बाहेर जा. वर बघ. फोन कर. काय दिसलं ते सांग. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर तोच आहे, फोन खिडकीतच असतो.

डॉक्टर म्हणाला, हा महिनाही गेला तर मी जबाबदार नाही.

मास्तर विचारतात, अजून किती? मी म्हटलं, झालंच. ते म्हणतात, जावेला माझाही नमस्कार लिहा. लिहिला.

मोठी


मंगळवार, दुपार. दवाखान्यात जायचं होतं म्हणून आज घरी

धाकटे,

मी कपाळाला हात लावून बसलेय, आणि तोच हात काढून हे लिहितेय.

काल तू फोन ठेवलास त्यानंतर इथं काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सगळं सांगते. मला इकडून दिसलं तसं.

मी गच्चीवरून आले होते. चंद्र असा होता की सुईनं ओढलेला दोरा. टाकीच्या वर, सूर्याला पाठ, शिंगं वर. माझं सांगून झालं. सगळ्या फोनकडे बघत बसलेल्या. नर्सबाईंना मी मुद्दाम माझ्या शेजारी, हाताला धरून बसवलं होतं. पाववाली दर थोड्या वेळानं म्हणायची, "आता वाजेल हं." शेवटी तिला म्हटलं, तू पाव खा.

वाजला.

सासूबाईंनी उचलला नाही. मला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू येईल असं कर. मी ते बटण दाबलं. आणि तू म्हणालीस, "अहो आई."

त्या दोन शब्दांवर नर्सबाई रडायला लागल्या. मी त्यांना कोपर मारलं.

सासूबाईंनी तब्येत विचारली नाही, काही नाही. तीच कोर्टाची पद्धत. "वर गेली होतीस?"

"गेले होते. अर्धा तास उभी होते."

"दिसला का?"

  मग तू म्हणालीस, "नाही, अहो आई. इथं सगळं आभाळ भरलंय. नाही दिसला."

धाकटे, मी आयुष्यात खोटं बोलायला कुणाला सांगितलं नाही. नर्सबाईंना तर मी दोन दिवस बोलत होते. पण काल मी फोनजवळ वाकले आणि दात खाऊन म्हणाले, "अगं, हो म्हण! हो म्हण की!" तू ऐकलंस ना? ऐकलंसच. कारण तू म्हणालीस, "वहिनी, नाही दिसला तर कसं हो म्हणू?"

 म्हटलं, संपलं. डोळाही गेला, दिवाही गेला.

सासूबाईंचं तोंड तू बघायला हवं होतंस. किती तरी महिन्यांत मी ते तसं बघितलेलं नाही. त्या म्हणाल्या, "खरं बोललीस." मग म्हणाल्या, "थंडी आहे का तिथं?" तू म्हणालीस, आहे. त्या म्हणाल्या, "कोट नाही तुझ्याकडे." तू म्हणालीस, दुसरा घेतला. त्या म्हणाल्या, "बरं." आणि मग कुणी फोन ठेवीना. आम्ही नऊ बायका एका फोनचा श्वास ऐकत बसलो होतो. शेवटी तू म्हणालीस, ठेवते, आणि ठेवलास.

मी म्हटलं, "आता काय?"

त्या म्हणाल्या, "आता काय म्हणजे? उद्या दिवा."

मी म्हटलं, "साक्ष कुठे जुळली?"

त्या म्हणाल्या, "जुळली नाही म्हणूनच उद्या. पहिल्या संध्याकाळी साक्षीदारांना नाही दिसला, तर दुसऱ्या संध्याकाळी महिना आपोआप लागतो. जुना नियम आहे. चंद्र कुणाच्या बघण्यासाठी थांबत नाही."

खोलीत सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी हळूच विचारलं, कारण मला जोरात विचारायची भीती वाटली, "म्हणजे गेले इतके महिनेसुद्धा, दुसऱ्या दिवशी दिवा लावता आला असता?"

"आला असता. दुसऱ्या साक्षीदारानं 'नाही दिसला' एवढं सांगितलं असतं तर. माझ्या साक्षीदारानं ना हो म्हटलं, ना नाही. मी काय धरायचं?"

धाकटे, मी त्या बाईला आजवर पुष्कळ बोलले आहे. काल मी उठून वाडग्यातलं पाणी बदललं. पाववाली मोठ्यानं म्हणाली, "आमची कंबर मोडली ट्यूबलाइटखाली बसून!" आणि सासूबाई म्हणाल्या, "मग उद्या उशी घेऊन ये."

आज संध्याकाळी दिवा आहे. डोळ्याचं मी दवाखाना उघडल्याउघडल्या सांगून आले. परवा.

मोठी


बुधवार, सकाळ, घाईत

धाकटे,

उद्या दवाखान्यात न्यायची पिशवी भरतेय, म्हणून थोडक्यात.

दिवा लागला. सासूबाईंना वात सापडेना, मी त्यांचं बोट धरून काडी वातीला लावली. वाडग्यात हलला, मग स्थिर झाला. कुणी ट्यूबलाइट बंद केली, कळलं नाही.

पाववाली म्हणाली, भट्टी विझली नाही, त्याबद्दल. नर्सबाई म्हणाल्या, चंद्राची शिंगं कुणीकडे असतात ते शिकले, त्याबद्दल. हसून हसून वाडगं उलटायला आलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला 'नाही' म्हणणारी सून आहे, त्याबद्दल."

मग माझी पाळी. तुला माहीत आहे, मी दर वेळी काय म्हणायचे. "उद्या मास्तरांचं तोंड बघायचं नाही, त्याबद्दल." सगळ्यांनी तेच धरलं होतं. मी म्हटलं, "मला पत्र लिहिता येतं, त्याबद्दल. आणि ज्या बाईनं शिकवलं तिच्याबद्दल." एवढं बोलले आणि उठून स्वयंपाकघरात गेले, फळं कापायला. फळं आधीच कापलेली होती. मग नळ सोडला. मला तेव्हा समजलं, नळ सोडला की खरंच काही ऐकू येत नाही.

गाणी झाली. त्यांनी सुरुवात केली.

मोठी


नव्या चंद्राची संध्याकाळ, गच्चीवरून उतरल्यावर लगेच

धाकटे,

हात गार पडलेत, अक्षर समजून घे.

डोळा चांगला झाला. डॉक्टरनं पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही एवढे लहान आहात? मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तू एवढी म्हातारी कधी झालीस? मी म्हटलं, तुमच्या घरात आल्यापासून.

तुझा कोट मी काढून ठेवला आहे. कसर लागलेली नाही. टाचण्या गंजल्या होत्या, त्या बदलल्या. बाही शिवलेली नाही. तू दुसरा घेतलास ते ठीक, पण हा तुझा आहे आणि हात मोजल्याशिवाय मी कुणाची बाही शिवत नाही. कधी यायचं ते तुझं तू ठरव. टाचण्या पुष्कळ आहेत.

आज त्या स्वतः जिना चढल्या. मी मागून, पडल्या तर धरायला. मी चष्मा पुसत होते, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. माझ्या आधी त्यांना दिसला. एका डोळ्यानं. नुसतं बोट दाखवलं.

खाली आल्यावर मी म्हटलं, आता आपल्या दोघींची साक्ष झाली, लावू का दिवा? त्या म्हणाल्या, थांब. मी तर हिशेबात नाही, मी राजीनामा दिलाय. दुसरी साक्षीदार आहे. आधी पत्र लिही, मग फोनची वाट बघू.

तर त्यांनी सांगितलं तसं लिहिते: मावळतीला, टाकीच्या वर, दोन बोटं उंच. सूर्याला पाठ. शिंगं वर.

पत्र तुला मिळेल तोवर हा चंद्र मोठा झालेला असेल, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुढचा बघेल.

बायका आल्यात, पाव गरम आहे, आणि खिडकीतला फोन आत्ता वाजतोय. पाववाली ओरडतेय, "अगं, उचल!" उचलते.

मोठी